शोरूममध्ये तुझं नाव

आई, गेल्या महिन्यात एका माणसानं माझ्यासमोर तुझं नाव विकायला काढलं. त्याची किळस अजून अंगावरून उतरत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. तू गेलीस तेव्हा आपल्या धुळ्याच्या घरात वाहन म्हणजे एक सायकल होती, तीही तुझ्या खानावळीचा भाजीपाला आणायला. आता मी जळगावला बियाण्यांच्या कंपनीत आहे. धरणगावपासून पार पिंपळनेरपर्यंतचे दुकानदार माझ्याकडे आहेत आणि त्यांच्याकडे मी स्वतः गाडी चालवत जाते. चाळिशी उलटल्यावर शिकले, तेही याच गाडीवर. पण गाडी माझी नव्हती, लीजची होती. म्हणजे मालक एक फायनान्स कंपनी, भाडं दर महिन्याला माझ्या पगारातून कापलं जाणार, आणि मुदत संपली की एकतर गाडी परत द्यायची, नाहीतर सुरुवातीलाच करारात ठरलेल्या किमतीला विकत घ्यायची. मला ती घ्यायची होती. सोनगीरच्या पुढे ट्रकांच्या मागे अडकले की तिचा क्लच नेमका कुठं धरतो ते माझ्या पायाला न बघता कळतं. शिवाय नवी गाडी घेण्याची ऐपत नाही. तेव्हा जिथून ती पहिल्यांदा चालवत आणली होती त्या डीलरकडे गेले. मला वाटलं, हे काम तिथूनच होत असेल.

काचेचा शोरूम, आत गारठा, आणि उदबत्ती नाही पण तसाच काहीतरी गोड वास. मॅनेजर म्हणून जो समोर आला त्याच्या बोटात दोन अंगठ्या, केस ताजे काळे केलेले. माझं आडनाव वाचलं, धुळ्याचा विषय निघाला आणि तो खुर्चीतून उठलाच. "तुम्ही खानावळवाल्या मावशींच्या का? ताई, मी जेवायला होतो तुमच्याकडे! पिंपळनेरहून आलो होतो शिकायला. मावशीना हातनी शेवभाजी... आजपर्यंत तशी कुठं खाल्ली नाही." मला त्याचा चेहरा आठवेना. तुझ्याकडे पोरं तरी किती यायची. पण तो बोलत राहिला. तू पोळपाटासमोर एक पाय लांब करून कशी बसायचीस, उशिरा येणाऱ्याला आधी कशी रागवायचीस आणि मग भाकरी तव्यावर पुन्हा कशी गरम करून द्यायचीस. सगळं खरं. माझे डोळे भरून आले, आई. त्यानं मोबाइलवर तुझा फोटो मागितला. मी दाखवला. त्यानं तो मोबाइल कपाळाला लावला, क्षणभर डोळे मिटले, आणि मोबाइल परत देताना दुसऱ्या हातानं एक कागद माझ्यापुढे सरकवला.

कागदावर करारातली किंमत नव्हती. "ती जुनी झाली, ताई. आता मार्केट वाढलंय. कंपनी गाडी आमच्यामार्फतच सोडते." वर तपासणीचा आकार, कागदपत्रांचा आकार, दाराला पोचा म्हणून पॉलिशचा आकार, आणि एक वॉरंटी, जी घ्यावीच लागते म्हणे. "चाळीसगावचं एक गिऱ्हाईक रोख घेऊन बसलंय. पण मी म्हटलं, नाही, मावशींच्या पोरीची गाडी. तुमनी गाडी म्हणजे आपलीच गाडी शे. आज सही करून टाका." सगळं मिळून ठरल्यापेक्षा लाखभर जास्त होत होतं. आणि मी पर्समध्ये पेन शोधायला लागले होते. आकडा मला दिसत होता, पण ज्या माणसानं आत्ताच तुझ्या फोटोला नमस्कार केला त्याला "हे जास्त आहे" कसं म्हणायचं, याचीच मला लाज वाटत होती. बरं झालं पेन सापडलं नाही. उद्या येते म्हटलं. गाडी तपासणीसाठी म्हणून त्यानं ठेवून घेतली आणि मी रिक्षानं घरी आले.

सकाळी फायनान्स कंपनीला फोन लावला. बराच वेळ गाणं वाजल्यावर एक मुलगी बोलायला आली. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, यात डीलरचा काहीच संबंध नाही. करारात किंमत दिलीय तीच. तुमच्या ऑफिसकडून आम्हाला मेल करायला सांगा, पैसे थेट आमच्याकडे भरा, आम्ही एनओसी पाठवतो. ट्रान्सफर आरटीओत होईल."

"मग वॉरंटी? तपासणी?"

"आम्ही असं काहीच मागत नाही."

फोन ठेवला, आई. पैसे वाचले याचा आनंद होण्याऐवजी तो कपाळाला लावलेला मोबाइल मला पुन्हा पुन्हा दिसत होता. मी रुमाल ओला करून मोबाइलची काच पुसली. हसशील तू, पण पुसली.

पैसे थेट भरले. एनओसी येईपर्यंत काही दिवस बसनं हिंडले. कागद हातात आल्यावर गाडी आणायला गेले, तर मला बाकावर बसवून ठेवलं. चावी वर्कशॉपमध्ये आहे, वर्कशॉपवाला जेवायला गेलाय, तो आल्यावर साहेब मीटिंगमध्ये आहेत. शेवटी साहेब आले. ताई म्हणाले नाहीत, मॅडम म्हणाले. तपासणीचे पैसे तरी भरावे लागतील म्हणाले. मी सांगितलं, तपासणी मी मागितली नव्हती, लेखी दाखवा. तेव्हा तो आजूबाजूच्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असा म्हणाला, "मावशींनी कधी असा पैशापैशाचा हिशोब केला नाही. मोठ्या मनाची बाई होती."

तेव्हा मला काका आठवले. ते एसटी स्टँडवरून नवी पोरं आणायचे. ओसरीवर त्यांना बसवून काका सांगताहेत, घरची तूर, घरचं तूप, घरच्यासारखं जेवण. आणि तू पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर येतेस. सगळ्यांदेखत मोठ्या दिराला म्हणतेस, "तूर बाजारनी शे. तूप ते दिवाळीलेच भेटी." काकांचा चेहरा उतरतो. पोरं हसतात आणि दुसऱ्या दिवसापासून जेवायला येतात.

मी हे सगळं त्या शोरूममध्ये उभं राहून मोठ्यानं सांगितलं. म्हटलं, "ती मोठ्या मनाची होती, कारण ती खोटं सांगून वाढत नव्हती. तिच्या नावावर तुम्ही माझ्याकडून लाख रुपये काढत होतात. चावी द्या." एक नवरा-बायको गाडी बघायला आले होते, ते हातातला माहितीचा कागद ठेवून माझ्याकडे बघत राहिले. चावी आली.

गाडीत बसले तेव्हा तो मागून बाहेर आला. उन्हात तो बराच म्हातारा दिसला. काच खाली करायची नव्हती, पण केली. तो म्हणाला, "माझे वडील वारले ना, तेव्हा तुमची आई माझ्यासोबत एसटीत बसून पिंपळनेरपर्यंत आली होती. मी एकटा जाऊ नये म्हणून. आमच्या आईच्या हातात मला दिलं आणि त्याच पावली परत फिरली. पाणीसुद्धा घेतलं नाही." एवढं बोलून तो आत गेला. यावेळी त्याच्या हातात कागद नव्हता.

हे खरं का, आई? मी आठवून आठवून थकले. तू दिवसभर घरात नव्हतीस असा एकही दिवस मला आठवत नाही. पण आठवणार कसा, तू कुठं जातेस हे कधी सांगून जायची नाहीस. वाटतं, हीसुद्धा त्याची विकायची पद्धत असेल. मग वाटतं, तेव्हा विकायला उरलं काय होतं? या माणसाची मला शिसारी आहे आणि राहील. ज्या तोंडानं त्यानं तुझी भाकरी खाल्ली त्याच तोंडानं तो तुझ्या मुलीला फसवायला निघाला होता. पण तुझ्याबद्दल मला माहीत नसलेलं काही सांगणारा आता तोच एक उरलाय. काका गेले. शेजारच्या अक्काला माणसं ओळखू येत नाहीत.

हा कागद तुझ्यापर्यंत जाणार नाही आणि घरात कुणाला वाचायला देण्यासारखाही नाही. तरी एक लिहून ठेवते. पुढच्या महिन्यात गाडीची सर्व्हिसिंग आहे. जळगावात चांगले गॅरेजवाले पुष्कळ आहेत, स्वस्तही आहेत. मी त्याच्याकडेच नंबर लावला आहे.