इकोची गोष्ट

मोताळा, मंगळवार, ९ मार्च १९६५

परवा बाबा हसले, ते अजून डोक्यातून जात नाही. मला पाहायला आलेल्या मलकापूरच्या मुलाने बैठकीत माझं इंग्रजी तपासायला विचारलं, "इको म्हणजे काय?" मी म्हटलं, प्रतिध्वनी. तो म्हणाला, "थे त कोनीबी सांगन. ग्रीक पुराणातली पोरगी होती ती. लई बोले, म्हणून देवीनं शाप देल्ला, दुसऱ्याचा शेवटचा शब्दच तेवढा बोलशील. बायको अशी पाहिजे." सगळे हसले. बाबाही. मला घरी पाटीवर एबीसीडी गिरवायला लावणारे बाबा.

आज त्याचे मामा होकार घेऊन आले. तोंड गोड करायला गुळाची ताटली तयार होती. रीत म्हणून मामांनी विचारलं, "सांग बाई, पोरगा पसंत हाये का नाही?"

"नाही."

"काऊन वं?"

"मी फक्त शेवटचा शब्द बोलले, मामा. तुमच्या भाच्याले तशीच बायको पाहिजे ना."

आईने ताटली आत नेली. बाबा या वेळी हसले नाहीत, चारचौघांत त्यांची मान खाली गेली. हे पाप झालं का? झालं असेल. पण मामा त्याला माझे शब्द जसेच्या तसे सांगतील ना, धाकधूक एवढीच आहे.