शेवटच्या थांब्यापलीकडे जाण्यापूर्वीची निरवानिरव

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा कवळ्या तयार करणे, राहणार बस डेपोमागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर, ही निरवानिरव राजीखुशीने आणि कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवत आहे. दबाव बराच आला, पण तो सगळा मी जाऊ नये म्हणून होता. माझे डोके ठिकाणावर आहे, आणि याची खात्री माझ्या मुलाने स्वतः करून घेतली आहे. गेल्या महिन्यात त्याने एका डॉक्टरांना चहाच्या निमित्ताने घरी आणले. त्यांनी मला आजचा वार विचारला, शंभरातून सात वजा करायला लावले आणि मग जरा बिचकत म्हणाले, "तिथं जंगलात एकट्या दिवसभर काय करणार तुम्ही?"

मी म्हटले, "इथं दिवसभर काय करते, ते तुम्ही विचारलंच नाहीत."

त्यांनी चहा संपवला आणि जिन्यात मुलाला सांगितले, "आई ठणठणीत आहेत. तुम्हीच जरा झोप घेत जा." त्यांचा दाखला सोबत जोडला आहे.

कलम १. कारण. मृत्युपत्रात कारण लिहावे लागत नाही असे वकीलबाई म्हणाल्या. पण माझ्यामागे गल्लीत जे सांगितले जाईल, त्यापेक्षा माझ्याच हातचे बरे.

गेल्या वर्षी जंगलातल्या चौकीवरच्या राखणदाराची कवळी तयार होऊन पडली होती. मापे देऊन गेला आणि मग त्याचा पाय मुरगळला, त्यामुळे न्यायला येईना. ज्यांच्यासाठी मी कवळ्या करते ते दंतवैद्य म्हणाले, टपालाने पाठवा. टपालाने कवळी जाते, पण ती हिरडीला टोचली तर घासून द्यायला टपालवाला थोडाच थांबतो? मी स्वतः निघाले. बसच्या शेवटच्या थांब्यापर्यंत बस, पुढे अर्धा दिवस पायवाट. कवळी नीट बसली. राखणदाराने पावाचा कडक तुकडा माझ्यासमोर मोडून खाल्ला आणि डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी नदी चढली, लाकडी पूल वाहून गेला आणि मी पलीकडेच अडकले.

पहिल्या आठवड्यात मी स्वतःच नदी ओलांडायला उथळ उतार शोधत वरच्या अंगाला गेले आणि वाट चुकले. धुके उतरले, दोन हातांवरचे झाड दिसेना. एका कपारीखाली पावसात बसून राहिले. जवळच काहीतरी मोठे जनावर फांद्या मोडत गेले. काय होते ते आजही माहीत नाही. उजाडल्यावर पाण्याच्या आवाजाचा माग धरून खाली उतरले, तर राखणदार लंगडत मला शोधायला येत होता.

"घाबरलात?" त्याने विचारले.

"घाबरले. पण घरी जावंसं नाही वाटलं."

तो हसला. नवी कवळी होती, हसू अजून नीट बसले नव्हते. म्हणाला, "मला आता पुतणीकडे जायचंय. चौकीला माणूस लागणार. वाट मोकळी ठेवायची, वणवा दिसला तर बिनतारीवर कळवायचं. पण बाई, इथं 'जेवलात का' म्हणून कुणी विचारणार नाही. चालेल?"

"चाळीस वर्षं घरात मीच विचारत आलेय. चालेल."

पाणी ओसरल्यावर घरी आले ते मनाशी ठरवूनच. वनखात्याने अर्ज मंजूर केला; दुसरा अर्जच नव्हता. वर्षभर मी घरात काही न सांगता सरपण फोडायला शिकले, करवतीला धार लावायला शिकले आणि गुडघ्यांना रोज टेकडी दाखवली. परवा सकाळच्या गाडीने निघत आहे. परत येण्याचा विचार नाही.

कलम २. घर. दोन खोल्या, गॅलरी आणि मागची कामाची खोली माझ्या कमाईची आहे. ती माझ्या यजमानांना हयातीपर्यंत व त्यानंतर मुलीला देत आहे. गॅलरीचे दार पावसात फुगते, ते खांद्याने ढकलावे. लाथ मारू नये.

कलम ३. हत्यारे. मेण कोरायच्या सुऱ्या, साचे, पॉलिशची मोटर आणि उरलेले प्लास्टर हे सगळे माझ्या धाकट्या जावेला. तिने जन्मभर माझ्या कामाला नाक मुरडले. "शी, लोकांच्या तोंडातलं!" म्हणायची. दोन वर्षांपूर्वी तिचीच कवळी टोचू लागली म्हणून आली. मी घासून दिली, तर परत जायच्याऐवजी ती स्टूल ओढून बसली आणि दुपारभर बघत राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. आता तिच्या हातची कवळी माझ्याइतकीच साफ उतरते. तिचा हात अगदी स्थिर आहे. जीभ नाही, पण धंद्याला जीभ लागत नाही.

दंतवैद्यांच्या दवाखान्याबाहेर "कवळ्या येथेच तयार केल्या जातात" अशी पाटी आहे. तिथे आजवर एकही झालेली नाही. त्यांनी पाटी बदलावी. त्यांच्यासाठी माझ्याकडे एवढेच आहे.

कलम ४. मुले. बचत दोघांना निम्मी निम्मी. मुलगी छापखान्यात असते. मी बेत सांगितल्यावर तिने एकच विचारले, "आई, बूट कुठले घेतलेस?" आणि ते पाहून, "हे नाही चालायचे," म्हणून बदलून आणले. मुलगा मात्र अजून घुश्शात आहे. लहानपणीही झोपण्याआधी गॅस बंद आहे का ते दोनदा बघायचा. काल येऊन माझ्या पिशवीशेजारी औषधांची पेटी ठेवून गेला. प्रत्येक बाटलीवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी. बाळा, पेटी नेते आहे.

कलम ५. माझे काही बरेवाईट झाल्यास. नदी भरलेली असताना बिनतारीवर आवाज आला नाही तर कोणीही पाणी ओलांडून येऊ नये. एका म्हातारीसाठी तरणा माणूस वाहून गेला, तर मी वर जाऊन भांडेन. पाणी उतरल्यावर या. मी नसले तर चौकीमागच्या उंचवट्यावर पुरा. तिथली जमीन भुसभुशीत आहे, मी कुदळ मारून पाहिली आहे. खांद्यावरून शहरात आणण्याचा खटाटोप करू नये.

कलम ६. यजमान. हे कलम मी सर्वांत शेवटी लिहायला घेतले, कारण महिनाभर आमचा अबोला होता. यजमानांनी तीस वर्षे त्याच शेवटच्या थांब्यापर्यंत बस नेली आणि तिथून वळवून आणली. ते म्हणायचे, "पलीकडं काही नाही. झाडं आहेत." मी बेत सांगितला त्या दिवशी त्यांनी हातातले वर्तमानपत्र घडी करून ठेवले आणि विचारले, "माझं काय चुकलं?"

"काहीच नाही. तुम्हीही चला."

"मला नाही जमायचं गं. मला रस्त्यावरचा आवाज लागतो."

"मला माहीत आहे. म्हणूनच ओढून नेत नाही."

त्यानंतर बोलणे थांबले. जेवण वाढले की जेवायचे, बशी धुऊन ठेवायचे, इतकेच.

आज सकाळी वकीलबाई आल्या आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर हे सगळे मोठ्याने वाचू लागल्या. तळमजल्यावरच्या चपला शिवणाऱ्या बाई साक्षीदार म्हणून बसल्या होत्या. दुसरा साक्षीदार मुलाने आणायचा होता. मुलगा काही फिरकला नाही. यजमान दारात उभे राहून ऐकत होते.

"दुसरी सही मी करतो," ते म्हणाले.

वकीलबाई म्हणाल्या, "तुम्हाला नाही करता येणार. यात घर तुम्हाला दिलंय. ज्याला काही मिळतं, त्यानं साक्ष द्यायची नसते."

"मग घर काढा."

मी म्हटले, "अहो, वेड्यासारखं काय करताय? राहणार कुठं?"

"पोरीच्या घरात. ती काय बापाला बाहेर काढणार आहे?" मग माझ्याकडे न बघता वकीलबाईंना म्हणाले, "ही शुद्धीवर आहे आणि स्वतःच्या मर्जीनं चाललीये, असंच लिहायचंय ना खाली? मग ते परक्या माणसानं कशाला लिहायचं? चाळीस वर्षं मी ओळखतो हिला."

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिले. मीच पेन उचलून कलम दोनमधली यजमानांची ओळ खोडली. आता ते असे वाचावे: घर मुलीचे. खाडाखोड माझ्या हातची असून तिच्याशेजारी माझी सही आहे.

वर लिहिलेले सर्व मी वाचून पाहिले, मला मान्य आहे.

मृत्युपत्र करणारीची सही

साक्षीदार
१. तळमजल्यावरच्या चपला शिवणाऱ्या बाई. (सही)
२. हिचा नवरा, निवृत्त बसचालक. माझ्यासमोर हिने सही केली. ही पूर्ण शुद्धीवर आहे. मी हिला अडवलेले नाही. (सही)

ठिकाण: आमचे स्वयंपाकघर
दिनांक: निघण्याच्या दोन दिवस आधी, सकाळी