आईला कमी वीज वापरू देण्याबाबत

प्रति,
मा. सहायक अभियंता,
वीज वितरण उपविभाग कार्यालय

विषय : वापर अचानक घटल्यामुळे मीटरमध्ये फेरफार केल्याचा संशय दूर करण्याबाबत
संदर्भ : आमच्या दारावर चिकटवलेली आपली नोटीस

महोदय,

सदर जोडणी माझ्या वडिलांच्या नावे आहे. ते गेल्या हिवाळ्यात वारले. त्यांचे निवृत्तिवेतन थांबले, आईला निम्म्याहून कमी मिळू लागले आणि तिने घर त्या मापात बसवले. गिझर बंद केला. फ्रिज पुसून त्यात धान्याचे डबे ठेवले. संध्याकाळी ती जिन्यातल्या सामाईक दिव्याखाली भाजी निवडते. शेजारीण म्हणते, "पहारेकरी फुकट मिळाला, पगार मात्र मागू नका."

आपल्या पथकाने मीटर तपासला. दोष सापडला नाही, संशय राहिला. पथकातील साहेबांनी विचारले, "आजी, एवढ्याशा विजेत माणूस राहतो का?" आई म्हणाली, "बसा चार दिवस, राहून दाखवते." हे उत्तर अहवालात 'असहकार' म्हणून नोंदवले आहे.

तुलनेसाठी आपण मागील वर्षाची सरासरी धरली आहे. त्या वर्षी वडिलांच्या उशाशी प्राणवायूचे यंत्र अहोरात्र चालू होते. ते भाड्याचे होते, परत केले. ती सरासरी आमच्या घरी पुन्हा येणार नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

खरी अडचण पुढेच आहे. वापर दिसला नाही तर नवऱ्यावर चोरीचा ठपका कायमचा राहील, या धास्तीने आई आता सगळे दिवे लावून बसते. रिकाम्या खोलीत पंखा फिरतो. गिझरमधले तापलेले पाणी तसेच निवते. बिल भागावे म्हणून तिने दूध बंद केले आहे. घास हातात असताना उठते, मीटर चालू आहे ना ते पाहून येते. मी दिवा मालवला की म्हणते, "त्यांना मेल्यावर चोर ठरवू नकोस."

तरी नोटीस मागे घ्यावी. त्यास वेळ लागणार असेल, तर निदान एवढे एका ओळीत लेखी द्यावे : मृत ग्राहकावर कोणताही आरोप नाही, आणि त्यांच्या पत्नीने परवडेल तेवढीच वीज वापरणे हा गुन्हा नाही. ती माझे ऐकत नाही, शिक्क्याचे ऐकेल. कागद न्यायला मी स्वतः येईन. त्या रात्री ती दिवे मालवून झोपेल.

सोबत : मृत्यूचा दाखला; यंत्र परत केल्याची पावती.

आपल्या एका ओळीच्या प्रतीक्षेत,
(सही)
कै. ग्राहकांची मुलगी

दिनांक : नोटिशीची मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी