आत्याच्या पावलातला थांबा

ता. ४ मार्च

ती. आत्यास शि. सा. नमस्कार वि. वि.

विद्यापीठाच्या समितीने माझ्या संशोधनाला एकदाची मान्यता दिली, पण कुरकुरत. चष्मेवाले सर म्हणाले, नाचून संशोधन म्हणजे जेवून स्वयंपाकाचा अभ्यास! मी विचारलं, मग न चाखता कसा करायचा? मार्गदर्शक बाई टेबलाखालून माझा पाय दाबत होत्या. शेवटी ठरलं असं, की आपल्या माणसांचा रांगेचा नाच मी आधी अंगात मुरवायचा, अंगाला काय कळलं ते लिहायचं आणि सप्टेंबरात समितीसमोर नाचून दाखवायचं. नवं काही कळलं नाही तर पदवी विसरायची.

आता एकच सांग. तिसऱ्या फेरीत डावं पाऊल टेकण्याआधी तू किंचित थांबतेस. तुझ्यामागच्या सगळ्याही थांबतात, ढोल मात्र थांबत नाही. हा थांबा आला कुठून? माझं सगळं प्रकरण त्यावरच उभं आहे.

काकांना नमस्कार. लोभ आहेच, उत्तरही असावं.

तुझी भिंगरी

ता. १५ मार्च

चि. भिंगरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

थांबा फार जुना आहे. आपली माणसं डोंगर उतरून आली तेव्हा वळून वळून मागे पाहायची, त्याची ती आठवण. लिहून घे. काका म्हणतात, इतकी वर्षं ढोल वाजवतोय, पूर्वी असं काही नव्हतं. त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस, कपाळावरचा चष्मा घरभर शोधणारा माणूस तो. पुढचीचं पाऊल तेच रांगेचं पाऊल, हा आपला नियम. आणि पुढे मी आहे.

तुझ्या धाकट्या काकूचा त्या जागेवर डोळा आहे हो! मला साधी शिंक आली तरी विचारते, वन्सं, बसता का जरा? मी बरी बसेन! दिवसभर शिवणयंत्रापुढे लोकांचे कपडे उसवते नि शिवते. नाचाला पुढे उभी राहिले की मी कुणीतरी असते. ती जागा गेली तर माझं उरलं काय, सांग.

वेळेवर जेवत जा. आशीर्वाद आहेतच, अक्कलही येवो.

तुझी आत्या

ता. २० जून

ती. आत्यास शि. सा. नमस्कार वि. वि.

रागावणार नसशील तरच पुढे वाच. रागावणार असशील तर आधी चहा घे आणि मग वाच.

तो थांबा मी रोज नाचतेय. डोंगर काही आठवला नाही, उजवी कंबर मात्र भरून आली. मग एकेक करून अंगालाच विचारलं. वजन कुठे पळतं? उजवीकडे. श्वास? अडकतो. दात? आवळले जातात. अगं, मागे वळून पाहणारं माणूस दात कशाला आवळेल? आत्या, तुझा डावा गुडघा दुखतोय.

बाई म्हणाल्या, एका अंगाची साक्ष पुरेशी नाही. म्हणून रविवारी आले तेव्हा तू गिऱ्हाइकाकडे गेलीस, तेवढ्यात मी रांगेतल्या बायकांबरोबर नाचले आणि त्यांना विचारलं. सगळ्या हसून हसून खाली बसल्या. त्यांना कधीचं ठाऊक आहे. धाकटी काकू म्हणाली, एकटी लंगडली तर दिसतं, सगळ्या लंगडल्या की नाच होतो. पहिल्यांदा ती तुझ्यामागे थांबली, मग बाकीच्या.

माझ्याकडे नवं म्हणावं असं एवढंच आहे. पण तू नको म्हणालीस तर यातलं एक अक्षर समितीपुढे जाणार नाही. पदवीचं मी बघेन.

लोभ असू दे, राग गुडघ्याखालीच राहू दे.

भिंगरी

ता. २ जुलै

चि. आगाऊ मुलीस आशीर्वाद. द्यावे लागतात म्हणून.

मेले, पाठीमागे चौकश्या करतेस! धाकटीशी मी बोलणंच टाकलं होतं. पण पोटात राहीना. शेवटी तिला विचारलं, एवढं कळत होतं तर पुढे का नाही आलीस? ती म्हणाली, वन्सं, तुमच्या पाठीकडे बघितल्याशिवाय मला नाच येतच नाही. मला रडूच कोसळलं. हाताला आलं त्या कापडाने डोळे पुसले, तो निघाला गिऱ्हाइकाचा नवा झगा. पुन्हा धुऊन इस्त्री करावी लागली.

तर लिही. गुडघा लिही, आणि या बायांनी काय केलं ते तर मोठ्या अक्षरात लिही. डॉक्टरकडे धाकटीच ओढून नेतेय.

रागावलेली, पण तुझीच,
आत्या

ता. १८ सप्टेंबर

ती. आत्यास शि. सा. नमस्कार वि. वि.

झालं! पदवी मिळाली! चष्मेवाले सर म्हणाले, हे अंगाला कळतं याला पुरावा काय? मी त्यांनाच रांगेत उभं केलं. तिसरी फेरी दोनदा करवली, तर उजवी कंबर धरून खाली बसले आणि तुझ्या डॉक्टरांचा पत्ता मागू लागले. पाठवशील का?

पेढे घेऊन येतेच आहे. तोवर लोभ सांभाळून ठेव.

भिंगरी

ता. ३० सप्टेंबर

चि. भिंगरीस पोटभर आशीर्वाद.

पत्ता सोबत आहे. डॉक्टरांच्या व्यायामाने गुडघा आता छान वळतो. काल पहिल्यांदाच तिसऱ्या फेरीत न थांबता झोकात पुढे गेले. वळून पाहते तर मी एकटीच! मागे धाकटी सवयीने थांबलेली, माझं पाऊल बघून निघालेल्या बाकीच्या सगळ्या तिच्या पाठीवर आदळलेल्या, आणि काका ढोलावर डोकं ठेवून हसताहेत. पुढे एकटीने नाचायला मला मुळीच बरं वाटलं नाही गं.

म्हणून थांबा परत घेतला. आता काही दुखत नाही, तरी थांबते. मी वळून बघते आणि त्या आल्या की पाऊल टाकते. पदवी मिळाली असली तरी तेवढं तुझ्या प्रबंधात घाल. आणि डोंगराची मी मारलेली थाप खोडून टाक. मागे वळून पाहायचा थांबा आहे, हे मात्र राहू दे.

तुझी, अजून पुढेच असलेली,
आत्या