निळी गाडी हिवाळ्यातही चालावी म्हणून

मी, तोमिए नुमाता, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार आसाहिकावा, होक्काइदो, कोणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीत, स्वहस्ते लिहून ठेवते की माझ्या पश्चात खालीलप्रमाणे व्यवस्था व्हावी. डोकं ठिकाणावर आहे. पाय नाहीत, दर दोन ओळींनी उठून खिडकीशी जाते, बर्फात उभी असलेली निळी गाडी बघते आणि परत येऊन बसते. अक्षर हललं असेल तर ते त्यामुळे.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझी एकुलती मुलगी चिझुरू हिला. यावर वाद नाही.

कलम २. बर्फ ओढायचं फावडं शेजारच्या कियोबाईंना. त्या साक्षीदार होणार होत्या, पण ज्याला काही मिळतं त्याला सही करता येत नाही म्हणे. त्यांनी फावडं पसंत केलं.

कलम ३. गाडी. दोनच माणसांची, कापडी छपराची, मागच्या चाकांवर पळणारी. माझे यजमान एइकिची यांनी ती घेतली तेव्हा सगळे म्हणाले, थंडीत झाकून ठेवा. ते म्हणाले, "झाकून ठेवायला ती काय लोणच्याची बरणी आहे?" तेव्हापासून ती दर हिवाळ्यात रस्त्यावर आहे. तिचे दिवे बॉनेटमधून वर येतात. कडक थंडीत एक वर येतो, दुसरा गोठून बसतो, आणि बाई गावभर डोळा मारत फिरते. मग बॉनेट उघडून गोल खुंटी हाताने फिरवायची. त्यासाठी यजमानांचा हातमोजा अजून गाडीतच आहे.

मागची बाजू हलकी, घसरते. लोक डिकीत वाळू ठेवतात, आम्ही नव्या तांदळाचं पोतं ठेवतो आणि बर्फ वितळला की खातो. यंदाचं पोतं धाकटे दीर त्सुनेओ भाऊजी यांना.

त्यांना खरं तर गाडी हवी आहे. "वहिनी, मला द्या. गरम गॅरेजात ठेवीन, धूळ बसू देणार नाही." हेच भाऊजी ओसाकाहून आले होते तेव्हा रात्री गाडी लावून हँडब्रेक ओढून झोपले. इथे शेंबडं पोरही गाडी गिअरमध्ये ठेवतं, हँडब्रेकला हात लावत नाही आणि काचेला चिकटून गोठू नयेत म्हणून वायपर उभे करतं. सकाळी ब्रेक गोठलेले, मागची चाकं फिरेनात, आणि भाऊजी दामटतायत. गाडी फाटकापर्यंत हट्टी बोकडासारखी फरफटत गेली. यजमान बर्फात बसून हसले. भाऊजी वसंतापर्यंत बोलले नाहीत.

तरीही मागच्या आठवड्यापर्यंत इथे त्यांचंच नाव होतं. कारण चिझुरू. "आई, विकून टाक ते डबडं. या वयात गाडी पुरे, लायसन्स परत कर. एक दिवस मला पोलिसांचा फोन येईल!" तिच्या हाती गाडी गेली तर भंगारात जाईल अशी मला धास्ती होती.

मग मी तापाने पडले आणि ती राहायला आली. बरं वाटल्यावर गाडीपाशी गेले. वायपर उभे. हँडब्रेक खाली. सीट इतकी मागे, की माझा पाय क्लचला पोचेना. चिझुरू बापासारखी उंच आहे. हातमोजा ओला होता.

"गाडी नेली होतीस?"

"औषध आणायला."

"औषधाचं दुकान समोर आहे."

"मग लांबच्या दुकानात गेले. तू झोप ना गं!" तिचे कान लाल झाले होते.

सबब भाऊजींचं नाव खोडून गाडी चिझुरूला देत आहे. अट एकच, ती हिवाळ्यात चालली पाहिजे.

कलम ४. माझी नजर अधू झाली आहे. समोरून येणाऱ्या एका गाडीच्या दोन दिसतात. ही गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही; लिहिताना रडू आलं. उद्या लायसन्स परत करणार आहे. त्यामुळे कलम ३ साठी माझ्या मरणाची वाट बघू नये, ते आजच लागू होईल. हा कागद सह्या होताच चिझुरूला वाचायला देत आहे.

बाहेर बर्फ पडतोय, एक दिवा पुन्हा अडकला आहे. चिझुरू, किल्ली चपलांच्या कपाटावर आहे. सीट मी तुझ्या मापाचीच ठेवली आहे. मी डावीकडे बसते, चल.

लिहून देणार: तोमिए नुमाता (सही व शिक्का)

साक्षीदार:
र्‍यूजी मुकाइयामा, पेट्रोल पंपवाले (सही व शिक्का)
शिनोबू इगाराशी, दंतवैद्य (सही व शिक्का)

आसाहिकावा, २१ जानेवारी २०२४