रोशनच्या दाढा

प्रिय अजय,

धान घरात आलं, माझे गुडघे दुखतात, बाकी बरं आहे. आता तुझ्या भावाचं ऐक, आणि पत्र अर्ध्यावर ठेवून देऊ नकोस.

दिवाळीत तुझा आयुष लाडानं रोशनला चकली भरवायला गेला आणि रोशन त्याच्या बोटाला चावला. तू तिथंच म्हणालास, हा आता घरात ठेवण्यासारखा राहिला नाही. अरे, तिशी ओलांडली तरी त्यानं कधी मुंगी मारली नाही! जेवण टाकत होता, स्वतःच्याच गालावर थापडा मारत होता. कुणी म्हणे अंगात आलं, कुणी म्हणे पिसाळला. दाढ दुखते एवढं त्याला सांगता येत नाही, आणि त्याचं तोंड उघडून पाहायचं कुणाला सुचलं नाही.

शेवटी मीच तोंडात पाहिलं आणि त्याला जीपमध्ये बसवून ब्रह्मपुरीला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. पहिल्या डॉक्टरानं लांबूनच पाहिलं. सगळेच दात काढून टाकू म्हणे, अशांना कुठे ब्रश करता येतो, कायमची कटकट जाईल. मी म्हटलं, आधी तुमचे काढा, आणि उठले. दुसरीकडच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला आधी नुसतं खुर्चीवर वरखाली होऊ दिलं, हातात आरसा दिला. तिसऱ्या खेपेला त्यानं आपणहून आ केला. सडलेल्या दोन दाढा काढल्या. बाकीचे दात त्याचे त्याच्याजवळ आहेत.

बाई म्हणाल्या, खर्रा बंद करा, त्या तंबाखू-सुपारीनंच दाढा सडल्या. मी तडक नथ्थूच्या पानठेल्यावर गेले आणि चारचौघांत बजावलं, "माह्या पोराले पुन्हा खर्रा देसान, त ठेला उलटवून देईन!" तो खाली मान घालून म्हणाला, "बाई, अजयभाऊच नेत होते ना त्याच्यासाठी. पाहुण्यांसमोर चूप बसावा म्हणून." तुझ्या सासरची माणसं आली की तू त्याच्या गालात खर्रा कोंबत होतास, हे मला ठाऊक नव्हतं. आता आहे.

रोज जेवण झालं की तो माझ्या मांडीवर डोकं ठेवतो आणि मी मागून ब्रश फिरवते. आधी ओठ घट्ट मिटायचा. आता मी विसरले तर तोच ब्रश आणून पदर ओढतो. काल त्यानं मूठभर फुटाणे खाल्ले. तो आवाज ऐकत मी चुलीपुढे रडत बसले.

रविवारी तू त्याला आश्रमात न्यायला गाडी आणणार आहेस, म्हणून हे लिहिते आहे. ये. कोंबडा करते. आयुषलाही आण, रोशन त्याची वाट पाहतो. पण गाडी जशी येईल तशीच परत जाईल, रोशन कुठेही जाणार नाही. जेवण झालं की हात धू आणि त्याचं डोकं तू मांडीवर घे. ब्रश कसा धरायचा ते मी दाखवीन. माझ्यामागे हे तुलाच करायचं आहे.

हट्टी, तरी तुझीच,
आई