पाईपाला लावलेला शेंदूर

माय,

तुझ्या नावाचा चौथरा बांधायला मी नकार देऊन आले. वस्तीतली माणसं रागावली आहेत. रागावू देत. पाईपाशेजारी तुझा फोटो, वर छत्री, रोज हार, असा त्यांचा बेत होता. तुझ्या वतीने बोलायला आता मीच उरले आहे, म्हणून बोलले.

धम्मदीक्षा घेऊन आलो त्याच्या पुढच्या हिवाळ्यात सर्वेवाले आले. जमिनीखालच्या उष्णतेवर वीज करता येते का, हे त्यांना पाहायचं होतं. देवळामागे गरम पाण्याचं कुंड होतं. आपल्याला त्यात उतरायची मनाई. बाहेर ओघळून आलेलं, निवलेलं पाणी तेवढं आपलं. मशीनवर आपल्या वस्तीतले मजूर होते, म्हणून पंचांनी कुंडाजवळ मशीन लावू दिली नाही. साहेबांनी मग आपल्या घरांमागच्या खडकाळ पडीक जागेत बोअर सुरू केला. ते दोरीला थर्मामीटर बांधून आत सोडत, वर काढून पाहत आणि मान हलवत. विजेपुरती उष्णता काही लागली नाही. पाणी मात्र लागलं. वाफाळतं, न उपसता आपोआप वर येणारं, आपल्या दारात.

मी वर्ध्याच्या वसतिगृहातून सुट्टीला आले होते. एका सकाळी पाहिलं तर बोअरच्या पाईपाला शेंदूर फासलेला, पायथ्याशी नारळ फोडलेला. आता इथे ओटा होणार, मग कुंपण, मग आपण पुन्हा बाहेर, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. मी म्हणाले, कलेक्टरकडे अर्ज करू. तू चुलीतली राख काढत होतीस. "लिव तू अर्ज. तवरिक पानी कोन भरन?" एवढंच बोललीस आणि निघालीस.

मला अजून दिसतं. तू भांडं घासावं तसा तो पाईप घासते आहेस. मग धाकट्याने ओल्या केलेल्या गोधड्या तिथेच आपटायला घेतेस. पाटील धावत येतात. "काय वं, देवाच्या जागी मुताच्या गोधड्या काऊन धुऊन राह्यली?" तू मान वर करत नाहीस. "कालपावतर हा सायबाचा पाईप होता, पाटील. तिकडं तंबूपाशी आनखी पडून हायेत. त्यायलेबी लावता का शेंदूर?" मजूर खो खो हसतात. पाटील सर्वेच्या साहेबांकडे पाहतात. साहेब थर्मामीटर पुसत राहतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा शेंदूर, पुन्हा तू. हळूहळू इतर बायकाही धुणं घेऊन यायला लागल्या, आणि शेंदूर लावणारेच थकले. सर्वेवाले जाताना पाईपावर झाकण ठोकणार होते. तू आडवी उभी राहिलीस. "वीज नाई तर नाई. तोटी लावून द्या." त्यांनी लावली. पुढे देवळाकडच्या बायका गुडघे दुखतात म्हणून बादल्या घेऊन आल्या, तेव्हा तू कुणाला अडवलं नाहीस. रांगेत मात्र उभं केलंस.

काल बैठकीत मी हेच सांगितलं. तिथे हार पडला की बायका लंगोट धुवायला कचरतील, मग कुणीतरी म्हणेल, जरा लांबून भरा. एक पोरगा म्हणाला, "आत्या, तुम्ही आपल्याच मायच्या इरोधात?" मी म्हटलं, तसं समज. उद्या सिमेंट आणून टाकलं तरी मी तिथून हलणार नाही. तुला हे आवडलं नसतं, असं कुणी मला सांगू नये.

हे पत्र कुठे टाकणार? राहील इथेच. पण तुझ्यापासून एक लपवत नाही. त्यांनी तुझा फोटो मागितला तेव्हा मला फार बरं वाटलं. मी तो भिंतीवरून काढून, पदराने पुसून त्यांच्या हातात दिलाही होता. नाही म्हणायचं मला नंतर सुचलं.